वच्छलाबाईंची नदीकाठची पंगत

वच्छलाबाईंकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते सात कुत्र्यांमुळे.

दरेकशाहून पाच किलोमीटर आत कोसमटोला नावाचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी रुजू झालो, त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. पोरांची दुपारची खिचडी खाऊन झाली होती. हात धुवायला मी बाहेर आलो, तर फाटकाबाहेर सात कुत्री एका रांगेत बसलेली. भुंकणं नाही, ओढाताण नाही. प्रत्येकापुढे पळसाचं एक पान, आणि दोन पानांमध्ये बरोबर एका हाताचं अंतर. पोषण आहार शिजवणारी बाई पदर खोचून पातेल्याच्या बुडाची खिचडी वाढत होती. शेवटच्या लंगड्या कुत्र्यानं आपल्या पाळीआधीच तोंड पुढे केलं, तशी ती म्हणाली, "थांब गा. पंगत हाय, लूट नाई."

कुत्रा थांबला. आत माझ्या वर्गात बत्तीस पोरं होती आणि त्यातलं एकही माझ्या शब्दाला असं थांबत नव्हतं. ही बाई कोण, हे मी त्याच दिवशी विचारून घेतलं.

वच्छला कोरेटी. उंची बेताची, चाल झपाझप, आवाज असा की नदीच्या या काठावरून हाक मारली तर पलीकडचा माणूस वळून बघावा. नवरा पुनाराम याच्या अगदी उलट. तो दिवसाला दहा शब्द बोलतो आणि त्यातले सहा बैलांशी, असं गावात म्हणत. दोघांची दीड एकर धानाची शेती होती. ती दिवाळीपर्यंत संपायची. मग जानेवारीत मुकादमाचा ट्रक यायचा आणि गावातली पंधरा-वीस माणसं मिरची तोडायला तेलंगणात जायची. वच्छलाबाई आणि पुनाराम दर वर्षी त्या ट्रकात असत. तेवढे दोन-अडीच महिने शाळेची खिचडी दुसरी बाई शिजवायची आणि फाटकाबाहेरची पंगत मोडायची.

होळीच्या आसपास त्या परत येत. मग कितीतरी दिवस त्यांच्या पंगतीला कुत्री येत नसत. दूर बसून शिंका देत. एकदा मी विचारलं तर त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. लालसर, सोललेले. "मिरचीचा वास जात नाई, गुरुजी. राख लावली, दही लावलं. कुत्रे पंधरा दिवस जवर येत नाईत. सोताच्या गावात परकी झाल्यावानी वाटते." एवढं बोलून त्या भांडी घासायला गेल्या. त्यांच्या तोंडून तक्रार म्हणावी असं मी तेवढंच ऐकलं.

मी निवृत्त होऊन सालेकशाला राहायला आलो. काही वर्षांनी कळलं, की कोसमटोल्याच्या ग्रामसभेनं नदीकाठची एक सपाट जागा बायकांच्या बचत गटाला दिली आहे आणि तिथं पाच तंबू लागले आहेत. शहरातल्या लोकांनी यायचं, तंबूत झोपायचं, नदीत पाय बुडवून बसायचं आणि गटाच्या बायकांनी केलेलं जेवायचं. जागा छान होती. अर्जुनाची जुनी झाडं, पांढरी रेती आणि हिवाळाभर वाहणारं गुडघाभर पाणी. गटाच्या प्रमुख वच्छलाबाई. त्या वर्षी त्या मिरचीला गेल्या नाहीत. पण पाहुणेही आले नाहीत. महिनाभर तंबूंत फक्त कोंबड्या शिरत होत्या.

मग एके दिवशी गोंदियाहून फोन आला. त्या फोनची हकिकत वच्छलाबाई दोन्ही आवाज काढून सांगतात.

"आंटी, हमारे साथ कुत्ता है. चलेगा क्या? तीन जगह मना कर दिया."

"चावते का?"

"नहीं नहीं, बहुत डरपोक है."

"मंग येऊ द्या. भित्र्याले कोन मनाई करते?"

फोन करणारी प्रेरणा नावाची, बँकेत नोकरी करणारी मुलगी होती. ती आणि तिचा नवरा ओमेश शनिवारी गाडीतून उतरले आणि त्यांच्या मागून वासराएवढा, तांबूस केसांचा ब्रुनो. समोरून एक कोंबडी आली तसा ब्रुनो प्रेरणाच्या मागे लपला.

गावातल्या कुत्र्यांना बातमी लागली होतीच. चारी बाजूंनी भुंकणं सुरू झालं. प्रेरणा घाबरून म्हणाली, "आंटी, आम्ही परत जातो."

"काऊन? तुमी त आत्ता आले. याची भेट होऊ द्या."

आमच्या त्या भागात नवा बैल बाजारातून आणला किंवा नवी सून आली, तर त्यांना सरळ घरात नेत नाहीत. शिवेवर साजाच्या झाडाखाली एक दगड आहे. तिथं थांबायचं, दगडाला पिवळे तांदूळ वाहायचे, आलेल्याचं नाव सांगायचं. मग ती सून किंवा तो बैल गावाचा. वच्छलाबाईंनी ब्रुनोला दोरीनं धरून त्या दगडापाशी नेलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "हा ब्रुनो. गोंदियाचा. दोन दिवस राह्यते."

नंतरचा भाग त्यांचा स्वतःचा. एका हांडीत भात आणि पेज कालवली. गावातल्या कुत्र्यांना नावानं हाका मारल्या, पळसाची पानं हाताहाताच्या अंतरावर मांडली. ब्रुनोचं पान सगळ्यांत शेवटी, दहा हात लांब. सगळ्यांना एकाच हांडीतलं वाढलं. पहिला घास झाला की ब्रुनोचं पान दोन हात जवळ. दुसरा झाला की आणखी दोन हात. अर्ध्या तासात तो रांगेत बसला होता. शेजारच्या एका लंगड्या कुत्र्यानं त्याचा कान हुंगला, आणि तेवढ्यावर सगळं मिटलं. संध्याकाळी ब्रुनो गावभर फिरला, अर्थात दोरीला बांधून. कोणी भुंकलं नाही. त्या कोंबडीला मात्र तो शेवटपर्यंत भ्याला.

प्रेरणानं तिकडे जाऊन काय सांगितलं कोण जाणे, पण त्यानंतर फोन थांबेनात. बालाघाट, दुर्ग, रायपूर, नागपूर. कुत्रा घेऊन फिरणाऱ्या माणसांना राहायला जागा मिळत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. वनरक्षक संध्याताईंनी अटी घातल्या: पाहुण्यांच्या कुत्र्याच्या लसीचं कार्ड बघायचं, गावातल्या कुत्र्यांनाही लस टोचायची, आणि अर्जुनाच्या झाडांपलीकडे जंगलात एकही कुत्रा सोडायचा नाही. वच्छलाबाईंनी अटी पाळल्या. गावातली बावीस कुत्री धरून धरून त्यांनीच टोचून घेतली.

मी महिन्यातून एखाद्या शनिवारी स्कूटरनं जाऊ लागलो. ते बघण्यासारखं असायचं. सकाळी तंबूंच्या दारांतून आधी नाकं बाहेर येत, मग माणसं. नदीतून निघालेला कुत्रा नेमका पुनारामच्या चुलीपाशी येऊन अंग झटकायचा आणि पुनाराम त्याच्याशी बोलायचा. त्याचे दिवसाचे दहा शब्द आता वाढून विसावर गेले होते. एकदा नागपूरहून लांबट अंगाचा, बोटभर पायांचा कुत्रा आला. त्याला बघायला अर्धं गाव जमलं. एका म्हातारीनं मालकिणीला विचारलं, "बाई, याचे पाय अजून यायचे हायेत का?" मालकीण हसून हसून रेतीवर बसली.

दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीच्या सुरुवातीला, ते सगळं बंद पडायची वेळ आली.

प्रेरणा, ओमेश आणि ब्रुनो पुन्हा आले होते. भेट झाली, पंगत झाली. दुपारी ओमेशला वाटलं, पाण्यात कशाला दोरी? त्यानं ब्रुनोला सोडलं. त्याच वेळी वरच्या बाजूनं दुधराम राऊतच्या शेळ्या पाण्यावर उतरल्या. दुधराम गावाच्या शेळ्या राखतो. बरोबर त्याची दोन कुत्री असतात, भुऱ्या आणि लाली. दोघं बाणासारखी सुटली. ब्रुनो भिऊन पळाला तो नेमका शेळ्यांमधून. त्रेचाळीस शेळ्या चहूकडे उधळल्या. ब्रुनोचा कान फाटला, प्रेरणा रडायला लागली, आणि दुधराम काठी उगारून ओरडत होता ते नदीपलीकडे ऐकू गेलं.

चूक ओमेशची होती आणि त्यानं ती लगेच कबूल केली. वच्छलाबाई, पुनाराम, गटाच्या बायका आणि स्वतः ओमेश संध्याकाळपर्यंत जंगलात शेळ्या गोळा करत होते. बेचाळीस मिळाल्या. त्रेचाळिसावी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात फळ्याखाली बसलेली सापडली. एकाही शेळीला खरचटलं नव्हतं.

तरी दुधरामनं ग्रामसभेत अर्ज दिला, पाहुण्यांचे कुत्रे बंद करा. ग्रामसभा शुक्रवारी ठरली. मुकादमाचा ट्रक सोमवारी येणार होता.

वच्छलाबाईंनी मला गुरुवारी फोन केला. आवाज नेहमीसारखाच मोठा होता, पण वाक्यं तोकडी. "गुरुजी, उद्या येजा. ठराव लिवाले जागेश्वरभाऊनं तुमाले बलावलं हाय. कुत्रे बंद झाले त तंबू बंद. माणसं कुत्र्यापायीच येतेत. मंग सोमवारी मी ट्रकात." मग म्हणाल्या, "मी दोनदा गेली दुधरामच्या घरी. माफी मांगतली. आयकूनच नाई राहिला."

जागेश्वरभाऊ म्हणजे ग्रामसभेचे अध्यक्ष. मी वेळेवर पोचलो. वाटेत एक भाषणही मनात तयार केलं होतं: शेळ्यांना पाण्यावर न्यायची जागा बदलावी, कुत्रा सोडणाऱ्याला दंड करावा, वगैरे. चार मुद्दे होते. मास्तरकी अंगातून जात नाही.

समाजमंदिरात दाटी होती. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. जागेश्वरभाऊंनी अर्ज वाचला आणि विचारलं, "दुधराम, शेळ्या भेटल्या का सप्पा? त्रेचाळीसच्या त्रेचाळीस?"

"भेटल्या."

"एखांदी लंगडली? गाभडली?"

"नाई."

"मंग?"

"शेळ्याईचा सवालच नाई," दुधराम म्हणाला आणि खाली बघून काठीनं जमिनीवर रेघा ओढू लागला.

माझे चारही मुद्दे तिथंच संपले.

"सवाल नाई त अर्ज कायले देल्ला गा?" मागून कोणीतरी म्हणालं. "तुह्या काठीले काम नाई म्हून?" लोक हसले. दुधरामचे कान लाल झाले आणि काठी आणखी जोरात रेघा ओढू लागली.

बायकांच्या बाजूनं त्याची बायको रुख्मा ताडकन उठली. "तो नाई सांगत. मी सांगतो. दुसरा हिवाळा हाय हा. गावच्या बावीस कुत्र्याईले पंगत हाय. लंगड्याले हाय, आंधळीले हाय, पुजाऱ्याच्या खरजुल्यालेही हाय. आमच्या भुऱ्या-लालीले एक डाव तरी कोनी बलावलं का? आमचे कुत्रे गावाचे नोयत का?"

आधी मोठा हशा झाला. मग तो एकदम ओसरला. कारण हसता हसता सगळ्यांनाच कळलं की रुख्मा खरं बोलते आहे.

वच्छलाबाई उभ्या राहिल्या. "बाई, पाहुने अकरा वाजता येतेत. तेवाच भेट होते. तुहे कुत्रे त सकाळपासून शेळ्याईसंग जंगलात. मी बलावू कसी?"

आता दुधराम बोलला. हळू, पण स्पष्ट. "वैनी, नेवता घरी देतेत. जेवाले येवो का नाई येवो."

कोसमटोल्यात लग्न असो की तेरवी, जेवणाचं बोलावणं प्रत्येक घराला जातं. घराला कुलूप असलं तर चौकटीला पिवळे तांदूळ चिकटवून येतात. घरधनी जंगलात असेल, तेलंगणात असेल, भांडण असेल, तरी त्याचं घर सुटत नाही. सुटलं तर ते विसरणं मानत नाहीत. घर टाकलं असं मानतात. मी त्या गावात नऊ वर्षं नोकरी केली, माझ्या कुलूपबंद खोलीच्या चौकटीवरचे तांदूळ कितीदा पुसले, आणि तरी मला ही गोष्ट सुचली नव्हती. वच्छलाबाईंना सुचली नाही याचंच मला जास्त नवल वाटलं. त्यांनी माणसांच्या पंगतीचे सगळे नियम कुत्र्यांना लावले होते, पहिला नियम सोडून.

वच्छलाबाईंनी पदर नीट केला आणि बाहेर निघून गेल्या. जागेश्वरभाऊ माझ्याकडे बघू लागले. मी कोऱ्या कागदाकडे. बायकांत कुजबुज सुरू झाली, "रागावली का वो?"

दहा मिनिटांनी त्या परत आल्या. हातात पितळेची वाटी, वाटीत हळदीचे तांदूळ. आत न येता दारातूनच म्हणाल्या, "दुधराम, घरी चाल. कुत्रे घरी हायेत नं?"

सभा उठून त्यांच्यामागं निघाली. ठराव न लिहिता मीही निघालो. दुधरामच्या अंगणात भुऱ्या आणि लाली बांधलेली होती. एवढे लोक बघून दोघांनी गाव डोक्यावर घेतलं. वच्छलाबाई शांतपणे चौकटीपाशी गेल्या, तांदूळ लावले, मग कुत्र्यांपासून चार हातांवर उभ्या राहून म्हणाल्या, "भुऱ्या राऊत, लाली राऊत, गोंदियाचा ब्रुनो इतवारी नदीवर येऊन राहिला. त्याच्या भेटीले तुमाले जेवाचा नेवता हाय. घरच्या सप्प्याईनं येजा."

भुऱ्या भुंकतच होता. रुख्मा पदर तोंडाला लावून हसत होती आणि डोळेही पुसत होती. दुधरामनं काठी भिंतीला टेकवली. "किती वाजता?"

"तुह्या शेळ्या घरी आल्यावर. तुह्याबिगर पान मांडत नाई."

"साडेपाच होतेत."

"होऊ दे."

ठराव मी तिथंच, दुधरामच्या बाजेवर बसून लिहिला. पाहुण्यांचे कुत्रे येतील. नदीतही दोरी सुटणार नाही. आणि भेट शेळ्या घरी आल्यावर होईल, त्याआधी पाहुण्यांचा एकही कुत्रा पाण्यावर जाणार नाही.

पण ठराव कागदावर. कुत्र्यांनी ऐकलं नाही तर त्याचा काय उपयोग? आणि प्रेरणा येईल का, हाही प्रश्न होता. फाटक्या कानाला टाके पडले होते. वच्छलाबाईंनी फोन करून सगळं सांगितलं. प्रेरणा म्हणाली, "आंटी, निमंत्रण दिलंय म्हणता, तर यावंच लागेल ना."

रविवारी ते तिघं अकरालाच आले आणि साडेपाचपर्यंत तंबूपाशी बसून राहिले. ब्रुनो पाण्याकडे बघून कुं कुं करत होता. मी आणि जागेश्वरभाऊ उगाचच चहा पीत होतो. वच्छलाबाईंनी एकच हांडी तीनदा ढवळली.

मग घुंगरं वाजली. शेळ्या गेल्या, आणि पाठोपाठ दुधराम आला. अंगात धुतलेला सदरा. दोन हातांत दोन दोऱ्या. मागं रुख्मा.

चोवीस पानं मांडली होती आणि पंचविसावं ब्रुनोचं, यावेळी वीस हात लांब. पहिला घास झाला. लालीनं एकदा मान वर करून ब्रुनोकडे बघितलं आणि पुन्हा पानात तोंड घातलं. भुऱ्या मात्र गुरगुरला. ब्रुनोच्या अंगावरचे केस उभे राहिले आणि तो प्रेरणाच्या पायांत शिरला. वच्छलाबाईंनी पान जवळ आणलं नाही. तिथंच पुन्हा वाढलं. मग पुन्हा. अंधार पडायला आला तरी त्या घाई करत नव्हत्या. "पंगत हाय, लूट नाई," एवढंच म्हणाल्या, आणि मला ती शाळेच्या फाटकाबाहेरची दुपार आठवली.

भुऱ्याचं गुरगुरणं थांबलं तसं ब्रुनोचं पान थोडं थोडं सरकलं, आणि सातव्या वाढीला ते रांगेत आलं. भुऱ्या उठला. दुधरामनं दोरी आवळली. भुऱ्यानं ब्रुनोचा टाके घातलेला कान हुंगला, मग त्याच्या पानात उरलेला भात हुंगला, आणि तो खाऊन टाकला. ब्रुनोनं खाऊ दिला.

"पाहुन्याच्या पानातलं खाते, लाज नाई वाटत?" रुख्मा ओरडली.

"खाऊ दे वो," वच्छलाबाई म्हणाल्या. "आता घरचे झाले."

पुनाराम चुलीपाशी बसला होता. तो उठला आणि म्हणाला, "मुकादमाले उद्या सांगतो मी." त्याच्या दिवसाच्या हिशेबानं ते लांबलचक भाषण होतं.

सोमवारी सकाळी ट्रकाचा भोंगा दोनदा वाजला. वच्छलाबाई नदीवर प्रेरणासाठी चहा गाळत होत्या. त्यांनी वर बघितलंही नाही. पुनाराम रस्त्यावर गेला आणि मुकादमाला नाही म्हणून पाच मिनिटांत परत आला.

याला आता दोन वर्षं झाली. तंबू आठ झाले आहेत. वाटेवर पाटी आहे, अक्षर माझं आहे: 'कुत्र्यांची भेट सायंकाळी साडेपाच वाजता.' पाहुणे अकराला आले तरी त्यांच्या कुत्र्याला थांबावं लागतं, आणि बहुतेक जण त्या वेळेसाठीच येतात. पाहुणा येणार असला की वच्छलाबाई सकाळी आधी दुधरामच्या घरी जातात, चौकटीला तांदूळ लावतात, मग हांडी चुलीवर ठेवतात.

परवा मी गेलो होतो, तेव्हा रायपूरच्या एका म्हाताऱ्या कुत्र्याचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं आणि तो त्यांचा तळवा चाटत होता. जानेवारी अर्धा संपला आहे, आणि वच्छलाबाई कोसमटोल्यातच आहेत.